व्यापारी मोटारचालक परवाना परीक्षा

व्यापारी मोटारचालक परवाना परीक्षा : अवजड मालट्रक, ट्रेलर जोडलेली वाहने, प्रवासी बस आणि घातक पदार्थांची ने-आण करणारी वाहने चालविण्याचा व्यवसाय करू इच्छिणाऱ्या व्यक्तीचे ज्ञान व कौशल्य तपासण्यासाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घेण्यात येणारी परीक्षा. तिचे लेखी आणि प्रात्यक्षिक असे दोन भाग असून लेखी भाग उत्तीर्ण झाल्याशिवाय उमेदवारास प्रात्यक्षिकास बसता येत नाही. परीक्षा घेण्याचे व परवाना देण्याचे काम घटक राज्यांचे असले, तरी परीक्षेची किमान मानके संघ शासन ठरविते. १९८६ च्या व्यापारी मोटारवाहन सुरक्षा अधिनियमाने ही पद्धती अस्तित्वात आणली. सुमारे पाऊण शतकाच्या अनुभवातून ती घडत गेली असल्यामुळे तिचा इतिहास हा सार्वजनिक सुरक्षितता, कष्टकऱ्यांची उपजीविका आणि साक्षरता यांच्या परस्परसंबंधांचाही इतिहास ठरतो.

पूर्वपीठिका : मोटारगाडीच्या प्रारंभकाळी वाहन चालविण्यासाठी परवाना लागावा, ही कल्पनाच नवी होती. मॅसॅचूसेट्स व मिसूरी या राज्यांनी १९०३ मध्ये चालकांना परवाने देण्यास सुरुवात केली. तथापि परवाना म्हणजे परीक्षा नव्हे. ठराविक शुल्क भरून नाव नोंदविले, की परवाना मिळे. चालकाची पात्रता परीक्षेने तपासण्याचा पहिला कायदा ऱ्होड आयलंड राज्याने १९०८ मध्ये केला. परवाना देण्यात अग्रेसर असलेल्या मिसूरी राज्यात मात्र परीक्षेची सक्ती १९५२ पर्यंत नव्हती. साउथ डकोटा राज्याने परवाना १९५४ मध्ये व परीक्षा १९५९ मध्ये सुरू केली. अशा प्रकारे सर्व राज्यांत परीक्षा रूढ होण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

पगारी चालकांच्या बाबतीत राज्ये प्रथमपासूनच काहीशी अधिक दक्ष होती. अशा चालकास ‘शोफर’ म्हणत. मूळ फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ भट्टी पेटती ठेवणारा कामगार असा आहे. मॅसॅचूसेट्समध्ये पगारी चालकांसाठी १९०७ मध्येच परीक्षा आली, तर सर्वसामान्य चालकांसाठी ती १९२० मध्ये लागू झाली. न्यूयॉर्क राज्याने १९१० च्या कायद्यान्वये पगारी चालकांना परीक्षा बंधनकारक केली. मालकाची गाडी चालविणाऱ्याची पात्रता पारखून घ्यावी. स्वतःची गाडी चालविणारा स्वतःची काळजी घेईल, असा त्यामागील विचार होता. चालक पगारी आहे की नाही, या निकषावर हे वर्गीकरण आधारलेले होते. वाहनाचे वजन व त्याची घातक्षमता यांचा विचार त्यात नव्हता. पुढे मालट्रक आकाराने वाढत गेले, तेव्हा या वर्गीकरणातील उणीव ठळकपणे दिसू लागली.

संघ शासनाचे नियंत्रण : राज्याराज्यांमधील मोटार वाहतुकीवर संघ शासनाचे नियंत्रण १९३५ च्या मोटार वाहतूकदार अधिनियमाने आले. या अधिनियमाने आंतरराज्य वाणिज्य आयोगाला चालकांची पात्रता आणि त्यांच्या कामाचे जास्तीत जास्त तास ठरविण्याचा अधिकार दिला. १९६७ मध्ये संघीय परिवहन खात्याचे कामकाज सुरू झाल्यावर सुरक्षिततेविषयीचे हे अधिकार त्याच्याकडे आले. या खात्याच्या नियमांनुसार १ जानेवारी १९७१ पासून आंतरराज्य वाहतूकदाराने नव्याने नेमलेल्या चालकाची लेखी परीक्षा घेणे आवश्यक झाले.

ही परीक्षा आजच्या दृष्टीने मोठी विलक्षण होती. तीत ६६ प्रश्न असत. ती शासन घेत नसे. वाहतूकदार स्वतःच आपल्या चालकाची परीक्षा घेई. चालकास नियमांचे पुस्तक समोर ठेवून उत्तरे लिहिण्याची मुभा असे, वेळेचे बंधन नसे आणि उत्तरे चुकली तरी त्याच्या पात्रतेस बाध येत नसे. चुकलेल्या प्रश्नांची योग्य उत्तरे त्याला समजावून सांगावीत, एवढीच अपेक्षा होती. परीक्षा हे निवडीचे नव्हे, तर शिकविण्याचे साधन आहे, अशी त्यामागील भूमिका होती. ही भूमिका तत्त्वतः उदार असली, तरी चालकाची लवकर गरज असलेल्या वाहतूकदाराच्या हाती ती बहुधा कागदोपत्री सोपस्कार ठरे.

सुधारणेची निकड : १९८० पर्यंत परिस्थिती बरीच पालटली होती. १९५६ च्या अधिनियमान्वये उभारलेल्या आंतरराज्य महामार्गांमुळे मालवाहतूक मोठ्या प्रमाणावर रेल्वेकडून रस्त्याकडे वळली. १९८० च्या मोटार वाहतूकदार अधिनियमाने या धंद्यावरील आर्थिक निर्बंध सैल केले व अनेक नवे वाहतूकदार त्यात उतरले. १९८२ च्या अधिनियमाने राष्ट्रीय महामार्गजालावर अधिक लांबीच्या व दोन ट्रेलर जोडलेल्या वाहनांना वाट मोकळी करून दिली. वाहने मोठी झाली, चालकांची मागणी वाढली. परवान्याची पद्धत मात्र जुनीच राहिली.

या पद्धतीत दोन मुख्य दोष होते. पहिला म्हणजे, अनेक राज्यांत साध्या मोटारगाडीचा परवाना असलेली व्यक्ती कायदेशीरपणे ट्रेलरयुक्त मालट्रक किंवा बस चालवू शकत असे. जेथे वेगळा परवाना होता, तेथेही उमेदवाराची चाचणी त्या प्रकारच्या वाहनावर घेतली जाईलच, याची शाश्वती नव्हती. दुसरा दोष अधिक गंभीर होता. एकाच चालकाजवळ अनेक राज्यांचे परवाने असत आणि नियमभंगाच्या नोंदी तो त्यांवर विभागून टाकी. एका राज्याने परवाना निलंबित केला, तर दुसऱ्या राज्याचा दाखवून तो काम चालू ठेवी. १९६० मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय चालक नोंदवही आणि राज्याराज्यांमधील परस्पर करार यांनी हा प्रकार पुरता थांबला नाही.

१९८६ चा अधिनियम : व्यापारी मोटारवाहन सुरक्षा अधिनियमावर राष्ट्राध्यक्ष रॉनल्ड रेगन यांनी २७ ऑक्टोबर १९८६ रोजी स्वाक्षरी केली. हा स्वतंत्र कायदा नसून अंमली पदार्थविरोधी विस्तृत अधिनियमाचा एक भाग होता. त्याचे पहिले तत्त्व ‘एक चालक, एक परवाना’ हे होते व ते १ जुलै १९८७ पासून अंमलात आले. सर्व राज्यांतील परवान्यांच्या नोंदी परस्परांशी जोडणारी संगणकीय माहितीयंत्रणा उभारण्यात आली. चालकाच्या रक्तातील मद्यार्काची मर्यादा ०·०४ टक्के ठरविण्यात आली. परीक्षेची किमान मानके १९८८ मध्ये जाहीर झाली आणि १ एप्रिल १९९२ नंतर नव्या पद्धतीचा परवाना नसताना अवजड व्यापारी वाहन चालविणे बेकायदा ठरले. मानके न पाळणाऱ्या राज्याचे महामार्ग अनुदान पहिल्या वर्षी ५ टक्के व पुढे १० टक्के रोखण्याची तरतूद होती. परवाना देण्याचा अधिकार राज्यांकडेच ठेवून अनुदानाच्या द्वारे एकसूत्रता आणण्याची ही पद्धत अमेरिकन संघराज्याच्या प्रकृतीस धरून होती. शेतकरी, अग्निशामक दलाचे कर्मचारी व सैनिक यांना काही अटींवर सवलती देण्यात आल्या.

परवान्याचे वर्ग : वाहनाचे वजन व उपयोग यांनुसार परवान्याचे तीन वर्ग पाडलेले आहेत. ‘ए’ वर्ग हा एकूण निर्धारित वजन २६,००१ पौंड (सु. ११,७९४ किग्रॅ.) वा त्याहून अधिक असलेल्या व मागे १०,००० पौंडांपेक्षा (सु. ४,५३६ किग्रॅ.) जास्त वजनाचा ट्रेलर ओढणाऱ्या जोडवाहनांसाठी आहे. ‘बी’ वर्ग तेवढ्याच वजनाच्या एकट्या वाहनासाठी असून ‘सी’ वर्गात चालकासह सोळा वा अधिक व्यक्तींची किंवा फलक लावणे आवश्यक असणाऱ्या घातक पदार्थांची वाहतूक करणारी, परंतु पहिल्या दोन वर्गांत न मोडणारी लहान वाहने येतात. याशिवाय दोन-तीन ट्रेलर, टाकीवाहन, प्रवासी वाहतूक, घातक पदार्थ व शालेय बस यांसाठी परवान्यावर वेगळी नोंद करून घ्यावी लागते व प्रत्येक नोंदीकरिता स्वतंत्र लेखी परीक्षा असते. एअर ब्रेकसंबंधीचे प्रश्न न सुटल्यास परवाना मिळू शकतो. तथापि असे ब्रेक असलेले वाहन चालविण्यास मनाई असल्याची नोंद त्यावर होते.

लेखी परीक्षेचे स्वरूप : सामान्य ज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत एअर ब्रेकचे प्रश्न वगळून किमान ३० प्रश्न असावेत व उत्तीर्ण होण्यासाठी किमान ८० टक्के उत्तरे बरोबर यावीत, असा संघीय नियम आहे. अनेक राज्यांत ५० प्रश्न विचारतात. प्रश्न बहुपर्यायी असून ते बहुधा संगणकावर सोडविले जातात. प्रश्नांचा समान संच व नमुना-पुस्तिका अमेरिकन मोटारवाहन प्रशासक संघाने तयार केली असून त्यांच्या आधारे राज्ये आपापल्या पुस्तिका व प्रश्नपत्रिका बनवितात. लेखी परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर उमेदवारास शिकाऊ परवाना मिळतो. तो मिळाल्यापासून निदान चौदा दिवस उलटल्याशिवाय प्रात्यक्षिक देता येत नाही. प्रात्यक्षिकात प्रवासापूर्वीची वाहनतपासणी, वाहनावरील मूलभूत नियंत्रण आणि रस्त्यावरील चालन यांचा समावेश असतो. राज्याबाहेर माल नेण्यासाठी चालकाचे वय सर्वसाधारणपणे किमान २१ वर्षे असावे लागते.

अभ्यासविषय : पुस्तिकेतील माहिती केवळ वाहतुकीच्या चिन्हांपुरती मर्यादित नसते. अवजड वाहनाचे यांत्रिक वर्तन समजून घेणे हा तिचा गाभा होय. उदा., ताशी ५५ मैल (सु. ८९ किमी.) वेगाने जाणारे वाहन थांबण्यास किती अंतर लागते, हे तीन टप्प्यांत मांडले जाते. धोका डोळ्यांना दिसून मेंदूला उमगेपर्यंत वाहन सु. १४२ फूट (४३ मी.) पुढे जाते, पाय ब्रेकवर पडेपर्यंत आणखी ६१ फूट (१९ मी.) आणि ब्रेक लागून वाहन थांबेपर्यंत २१६ फूट (६६ मी.) जातात. एकूण अंतर ४१९ फूट (सु. १२८ मी.) भरते. एअर ब्रेकमध्ये दाबाखालील हवा नळ्यांतून चाकांपर्यंत पोहोचण्यास किंचित वेळ लागत असल्यामुळे त्यात सु. ३२ फुटांची (१० मी.) भर पडते. वेग दुप्पट झाल्यास ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते, हे भौतिकीतील तत्त्व येथे व्यवहारात उतरते. म्हणूनच पुढील वाहनापासूनचे अंतर फुटांऐवजी सेकंदांत मोजण्यास शिकवितात. वाहनाच्या लांबीच्या दर दहा फुटांस एक सेकंद आणि वेग ताशी ४० मैलांहून अधिक असल्यास आणखी एक सेकंद, असा हिशेब सांगितला जातो.

एअर ब्रेकचे प्रकरण उमेदवारांना विशेष अवघड जाते. हवेचा दाब धोकादायक पातळीपर्यंत उतरण्यापूर्वी इशारा देणारे साधन चालू झालेच पाहिजे. दाब दर चौरस इंचास २० ते ४५ पौंडांपर्यंत घसरला, की स्प्रिंगच्या जोराने लागणारे ब्रेक आपोआप लागतात. इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरल्यावर पहिल्या उतारानंतर एका मिनिटात एकेरी वाहनाचा दाब ३ पौंडांपेक्षा व जोडवाहनाचा ४ पौंडांपेक्षा अधिक उतरता कामा नये. हे आकडे पाठ करावे लागतात. परंतु त्यांमागील कारण उमजले, तर ते लक्षात राहतात. हवा गेली की ब्रेक निकामी होतील, ही नवशिक्याची समजूत असते. प्रत्यक्षात हवेचा दाब स्प्रिंगला मागे रेटून धरीत असतो आणि तो गेला की स्प्रिंग मोकळी होऊन वाहन जागीच अडकते. म्हणजे यंत्रणेत बिघाड झाल्यास वाहन भरधाव सुटण्याऐवजी थांबावे, या तत्त्वावर तिची रचना केलेली असते.

टाकीवाहनाच्या प्रकरणात अर्धवट भरलेल्या द्रवाच्या हेलकाव्याचा विचार असतो. ब्रेक लावल्यावर पुढे उसळलेली द्रवाची लाट थांबलेल्या वाहनालाही चौकात पुढे ढकलू शकते. जोडवाहनात चाकाला अकस्मात दिलेला झटका मागील ट्रेलरपर्यंत पोहोचताना आसुडाच्या टोकाप्रमाणे वाढत जातो व शेवटचा ट्रेलर प्रथम उलटतो. माल बांधण्यासाठी दर दहा फुटांस निदान एक व एकूण कमीत कमी दोन बंध असावेत; पुढच्या चाकांच्या टायरवरील खाचा ४/३२ इंचापेक्षा उथळ नसाव्यात; दुभाजक असलेल्या रस्त्यावर बंद पडलेल्या वाहनामागे दहा मिनिटांच्या आत १०, १०० व २०० फुटांवर त्रिकोणी इशारादर्शक ठेवावेत, असे बारीकसारीक नियमही अभ्यासक्रमात येतात.

पूर्वतयारीच्या पद्धती : राज्याची पुस्तिका विनामूल्य मिळते व बहुतेक प्रश्न तिच्यातूनच येतात. तरीही तिच्याभोवती पूर्वतयारीचा एक स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला आहे. ट्रकचालनाच्या खाजगी शाळा, सामुदायिक महाविद्यालये आणि मोठे वाहतूकदार हे तीन प्रमुख मार्ग होत. पूर्णवेळ अभ्यासक्रम बहुधा तीन ते सात आठवड्यांचा असतो व लेखी परीक्षेची तयारी त्याच्या आरंभीच उरकली जाते. वाहतूकदार पुष्कळदा शिक्षणाचा खर्च स्वतः उचलतो. मात्र ठराविक काळ आपल्याकडेच नोकरी करण्याचा करार उमेदवाराकडून करून घेतो. करार मोडल्यास शिक्षणाचा खर्च कर्ज म्हणून अंगावर पडत असल्यामुळे ही प्रथा वादाचा विषय झाली आहे.

उमेदवारांमध्ये तयारीच्या दोन तऱ्हा आढळतात. काहीजण पुस्तिकेचे प्रकरणवार वाचन करून वाहनाशेजारी उभे राहून प्रत्येक भाग ओळखतात. काहीजण मात्र सरावप्रश्नांचे संच पुन्हापुन्हा सोडवून उत्तरे तोंडपाठ करतात. दुसऱ्या तऱ्हेने लेखी परीक्षा उत्तीर्ण होता येते. परंतु पुढे प्रवासपूर्व तपासणीच्या चाचणीत वाहनाचा एकेक भाग दाखवून त्यात काय पाहावयाचे ते स्वतःच्या शब्दांत सांगावे लागते व तेथे निव्वळ पाठांतर अपुरे पडते.

साक्षरता व भाषा : नव्या पद्धतीचा सर्वांत कठोर परिणाम जुन्या चालकांना भोगावा लागला. ज्यांची नोंद निष्कलंक होती, अशा अनुभवी चालकांना प्रात्यक्षिकातून सूट देण्याची मुभा राज्यांना होती. लेखी परीक्षेतून मात्र सूट नव्हती. त्यामुळे वीस-पंचवीस वर्षे अपघाताविना वाहन हाकलेला, पण वाचनात कच्चा असलेला चालक नोकरी गमावण्याच्या भीतीने ग्रासला गेला. रस्त्यावरील पाट्या आकारावरून व सवयीने ओळखणारा, मालाची कागदपत्रे सहकाऱ्याकडून भरून घेणारा आणि आपली निरक्षरता आयुष्यभर लपवीत आलेला असा कामगार या धंद्यात दुर्मिळ नव्हता. तोंडी परीक्षेची सोय नियमांत असल्यामुळे काहींची अडचण दूर झाली. १९९१ च्या राष्ट्रीय साक्षरता अधिनियमात व्यापारी वाहनचालकांच्या शिक्षणासाठी अनुदानाची खास तरतूद करण्यात आली. अशा वर्गांमध्ये परवान्याची पुस्तिका हेच वाचनाचे पाठ्यपुस्तक होऊ शकले. परीक्षेच्या धाकाने का होईना, प्रौढपणी वाचावयास शिकण्याची संधी काहींना लाभली.

भाषेचा प्रश्न त्याहून गुंतागुंतीचा आहे. चालकास जनतेशी संभाषण करणे, मार्गावरील पाट्या समजणे, अधिकाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे देणे व नोंदी लिहिणे एवढे इंग्रजी यावे, ही अट संघीय नियमांत दीर्घकाळ आहे. तथापि पंजाबी, स्पॅनिश व अन्य भाषा बोलणाऱ्या स्थलांतरितांनी हा धंदा मोठ्या प्रमाणावर पतकरला. २०११ च्या नियमांनी लेखी परीक्षा परकीय भाषेत घेण्यास राज्यांना मोकळीक दिली. पण परीक्षेच्या वेळी दुभाषा ठेवण्यास बंदी केली आणि प्रात्यक्षिक इंग्रजीतच व्हावे, असे ठरविले. इंग्रजीची अट न पाळणाऱ्या चालकास तपासणीच्या जागीच कामावरून थांबविण्याची कारवाई मध्यंतरी शिथिल झाली होती. २०२५ च्या अध्यक्षीय आदेशानंतर त्याच वर्षीच्या जूनपासून ती पुन्हा सुरू झाली. सुरक्षिततेची गरज कोठे संपते व परक्यांना दूर ठेवण्याची इच्छा कोठे सुरू होते, याविषयी तीव्र मतभेद आहेत.

गैरप्रकार : परीक्षा हे उपजीविकेचे दार झाले, की ते पैसे देऊन उघडण्याचा मोह निर्माण होतो. इलिनॉय राज्यातील प्रकरण याचे सर्वांत दुःखद उदाहरण होय. ८ नोव्हेंबर १९९४ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकीजवळ एका ट्रकचा निखळलेला लोखंडी भाग रस्त्यावर पडला. मागून येणाऱ्या गाडीच्या इंधनटाकीवर तो आदळून आग लागली आणि एकाच कुटुंबातील सहा मुले मृत्युमुखी पडली. भाग लोंबकळत असल्याचा इशारा इतर चालकांनी रेडिओवरून इंग्रजीत दिला होता. पण तो ट्रकचालकास समजला नाही, असे पुढे सांगण्यात आले. या चालकाने इलिनॉयमध्ये लाच देऊन परवाना मिळविला होता, असे तपासात निष्पन्न झाले. परवाना कार्यालयांतील लाचेचा काही पैसा त्या वेळचे राज्यसचिव जॉर्ज रायन यांच्या निवडणूक निधीत जात होता. रायन हे १९९९ ते २००३ या काळात राज्याचे राज्यपाल होते. संघीय चौकशीत सत्तरहून अधिक व्यक्तींवर आरोप ठेवण्यात आले. रायन यांना एप्रिल २००६ मध्ये भ्रष्टाचाराबद्दल दोषी ठरविण्यात येऊन साडेसहा वर्षांची कारावासाची शिक्षा झाली.

अशा घटनांनंतर नियम अधिक कडक झाले. २००० मध्ये मोटार वाहतूकदारांच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र संघीय प्रशासन स्थापन झाले. २००१ मधील दहशतवादी हल्ल्यांनंतर घातक पदार्थांच्या नोंदीसाठी उमेदवाराच्या पूर्ववृत्ताची संघीय चौकशी आवश्यक ठरली. २०११ च्या नियमांन्वये परीक्षकांच्या पूर्ववृत्ताची तपासणी व त्यांच्या कामावर गुप्त देखरेख बंधनकारक झाली. जो शिकवितो, त्यानेच आपल्या विद्यार्थ्याची प्रात्यक्षिक परीक्षा घेऊ नये, हे तत्त्वही मान्य झाले.

प्रशिक्षणाची सक्ती : १९८६ च्या अधिनियमाने परीक्षा सक्तीची केली, प्रशिक्षण नव्हे. उमेदवार कोठे व किती शिकला, याची विचारपूस होत नसे. काँग्रेसने १९९१ मध्ये याबाबत नियम करण्यास सांगितले. परंतु २००४ मध्ये निघालेल्या नियमांत वाहन चालविण्याच्या प्रत्यक्ष शिक्षणाचा समावेशच नव्हता. २००५ मध्ये संघीय अपील न्यायालयाने ते अपुरे ठरवून फेरविचारासाठी परत पाठविले. २०१२ च्या अधिनियमाने काँग्रेसने पुन्हा आदेश दिला, डिसेंबर २०१६ मध्ये नियम जाहीर झाले आणि ते ७ फेब्रुवारी २०२२ रोजी अंमलात आले. अशा रीतीने परीक्षा व शिक्षण यांची सांगड घालण्यास तीस वर्षे लागली. नव्या उमेदवाराने नोंदणीकृत संस्थेत सिद्धांताचे व प्रत्यक्ष चालनाचे शिक्षण घेतल्याशिवाय त्याची प्रात्यक्षिक परीक्षा घेता येत नाही. घातक पदार्थांच्या बाबतीत तर लेखी परीक्षेपूर्वीच सिद्धांताचे शिक्षण पुरे व्हावे लागते. सिद्धांताच्या चाचणीत ८० टक्के गुण आवश्यक आहेत. प्रत्यक्ष चालनाचे किमान ३० तास ठेवण्याचा मूळ प्रस्ताव मात्र अंतिम नियमांत वगळण्यात आला आणि शिकाऊ चालक तयार झाला किंवा नाही, हे शिक्षकाच्या निर्णयावर सोपविण्यात आले.

भारतातील पद्धती : भारतात मोटारवाहनांविषयीचे अखिल भारतीय कायदे १९१४, १९३९ व १९८८ मध्ये झाले. १९८८ च्या अधिनियमानुसार परिवहन वाहन चालविण्यासाठी चालकाचे वय किमान २० वर्षे असावे लागते व त्यापूर्वी निदान एक वर्ष हलक्या वाहनाचा परवाना जवळ असावा लागतो. शिकाऊ परवान्यासाठी वाहतुकीची चिन्हे, नियम व चालकाची कर्तव्ये यांवर प्राथमिक चाचणी असते. परंतु अमेरिकेप्रमाणे वाहनाच्या प्रकारानुसार वेगवेगळ्या विस्तृत लेखी परीक्षा नाहीत. घातक मालाच्या वाहतुकीसाठी तीन दिवसांचे प्रशिक्षण आणि एक भारतीय भाषा व इंग्रजी लिहिता-वाचता येणे या अटी केंद्रीय मोटारवाहन नियमांत आढळतात.

साक्षरतेचा प्रश्न भारतातही उपस्थित झाला. परिवहन वाहनाच्या चालकास आठवी इयत्ता उत्तीर्ण असण्याची अट २००७ मध्ये घालण्यात आली होती. कुशल परंतु अल्पशिक्षित व्यक्तींना तिच्यामुळे रोजगार नाकारला जातो, या कारणास्तव ती २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. महाराष्ट्रात ऑटोरिक्षा परवान्यासाठी मराठीच्या ज्ञानाची सक्ती करणारे शासकीय परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द ठरविले. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये असा निर्णय दिला, की हलक्या वाहनाचा परवाना असलेल्या व्यक्तीस ७,५०० किग्रॅ.पर्यंतचे परिवहन वाहन चालविण्यासाठी वेगळ्या नोंदीची आवश्यकता नाही. अनेक चालकांची उपजीविका त्यावर अवलंबून असल्याचा विचारही न्यायालयाने केला.

मूल्यमापन : या परीक्षेमुळे अपघात नेमके किती घटले, हे सांगणे कठीण आहे, कारण याच काळात रस्ते, वाहनांची रचना व ब्रेक यांतही सुधारणा झाल्या. एकाच चालकाने अनेक परवाने बाळगण्याच्या प्रकाराला मात्र तिच्या जोडीने आलेल्या नोंदयंत्रणेने मोठा आळा बसला. लेखी परीक्षा चालकाचा संयम, थकव्यावरील ताबा किंवा प्रसंगावधान मोजू शकत नाही. ब्रेक वेळेवर का लागत नाहीत, टाकीतील द्रव वाहनाला का ढकलतो किंवा तीव्र उताराला लागण्यापूर्वीच खालचा गिअर का टाकावा, याचे ज्ञान मात्र प्रत्यक्ष अनुभवातून मिळेपर्यंत पुष्कळदा फार उशीर झालेला असतो. ते ज्ञान रस्त्यावर उतरण्यापूर्वी चालकाजवळ असल्याची खात्री करून घेणे, एवढेच या परीक्षेचे प्रयोजन होय. ती प्रामाणिकपणे घेतली जाते किंवा नाही, आणि वाचता न येणाऱ्या उमेदवारास शिकण्याची वाट मोकळी ठेवली जाते किंवा नाही, यांवर तिची सार्थकता अवलंबून राहते.